फिजिओथेरपी ‘घ्यायची’ नसते, ‘करायची’ असते



काही महिन्यांपूर्वी साधारण सत्तरीच्या एक काकू गुडघेदुखीसाठी माझ्याकडे आल्या होत्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत तीन वर्षांचे एक्सरे. खुर्चीत नीट बसायच्या आधीच म्हणाल्या, “डॉक्टर, फिजिओथेरपी करून झाली. काही उपयोग नाही. आता ऑपरेशनचंच बघा.”

मी विचारले, “फिजिओथेरपीत काय काय केलं?”

“दहा दिवस रोज रिक्षानं जात होते. आधी शेक, मग ते मुंग्या येणारं करंटचं मशीन, मग जेल लावून गुडघ्यावर फिरवतात ते मशीन.”

“आणि व्यायाम?”

“व्यायामाचा कागद दिला होता की! फ्रिजवर लावलाय.”

मला हसू आले. पण त्यांनी पिशवीतून जुनी चिठ्ठी काढली आणि हसू थांबले. चिठ्ठी माझीच होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘फिजिओथेरपी, १० दिवस’. बस, एवढेच. कशासाठी, कोणती, घरी काय करायचे, दहा दिवसांनंतर पुढे काय, यातले काहीही मी लिहिले नव्हते आणि बोललोही नव्हतो. गोळ्यांच्या बाबतीत मी ‘जेवणानंतर की जेवणाआधी’ हे दोनदा सांगतो. फिजिओथेरपीच्या बाबतीत मात्र मी एक ओळ खरडून मोकळा झालो होतो.

म्हणून आजचा लेख. यात माहिती आहेच, पण त्याहून जास्त माझे एक ठाम मत आहे. ते सुरुवातीलाच सांगतो: फिजिओथेरपी ही टेबलावर पडून घेण्याची गोष्ट नाही. ती शिकायची आणि रोज घरी करायची गोष्ट आहे. सांधे, मेंदू-नसा किंवा तोल यांपैकी तुमचा त्रास कोणताही असो, हा फरक कळला नाही तर पैसे, वेळ आणि कधी कधी बरे होण्याची संधीही हातची जाते.

मुळात ही उपचारपद्धती कशासाठी आली?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. त्यानंतर परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. देशातली ही पहिली सुरुवात. पोलिओने मज्जारज्जूतल्या ज्या पेशी मेल्या, त्या कोणत्याही मशीनने परत येणार नव्हत्या. मग या मुलांसाठी काय करता येत होते? उरलेले स्नायू बळकट करणे, सांधे आखडू न देणे, कॅलिपर लावून उभे राहायला आणि चालायला शिकवणे. म्हणजे शरीरात जे शिल्लक आहे त्यातून जास्तीत जास्त काम करून घ्यायचे.

आजही फिजिओथेरपीचा गाभा तोच आहे. फिजिओथेरपिस्ट ही शिकवणारी व्यक्ती आहे. गाण्याच्या शिकवणीला आठवड्यातून दोनदा गेलात आणि घरी तंबोरा लावलाच नाही, तर गाणे येईल का? मग गुरुजींना दोष देऊन कसे चालेल?

मशीन वाईट आहेत का?

नाही. शेकाने आखडलेला सांधा थोडा मोकळा होतो. करंटच्या मशीनने काही जणांना तेवढ्यापुरता दुखण्यापासून आराम मिळतो. पक्षाघातानंतर काही ठराविक स्नायूंसाठी विद्युत उत्तेजनाचा उपयोगही होतो. पण ही व्यायामाआधीची तयारी किंवा व्यायामाला दिलेली जोड आहे. तिलाच मुख्य उपचार समजण्याची चूक करू नका.

ब्रिटनमधील ‘नाईस’ ही संस्था तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी उपचारांचे नियम ठरवते. सांध्यांच्या झिजेबद्दलचे तिचे २०२२ चे मार्गदर्शन अगदी स्पष्ट आहे. प्रत्येक रुग्णाला त्याच्यासाठी ठरवून दिलेला व्यायाम द्या, वजन जास्त असेल तर ते कमी करायला मदत करा. आणि अल्ट्रासाऊंड, टेन्स, इंटरफेरेन्शियल, लेझर यांसारखे मशीनचे उपचार देऊ नका, कारण त्यांच्या फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चित्र नेमके उलटे दिसते. चाळीस मिनिटे मशीन आणि शेवटची पाच मिनिटे व्यायाम.

यात फिजिओथेरपिस्टचा दोष किती? माझ्या ओळखीची एक फिजिओथेरपिस्ट मला म्हणाली, “सर, मी एक तास बसून व्यायाम शिकवला तर पेशंट म्हणतो, ‘नुसता व्यायामच सांगितला, पैसे कशाचे?’ आणि मशीन लावलं की काही न बोलता पैसे देतो.” म्हणजे आपण ज्याचे पैसे देतो, तेच आपल्याला मिळते. ‘व्यायामच तर सांगितला’ हे वाक्य आपण सगळ्यांनी आधी मागे घ्यायला हवे.

गुडघा : दुखतोय म्हणून हलवायचा नाही?

गुडघ्याची झीज म्हणजे दोन हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी पातळ होणे. या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणातून तिचे पोषण होते, आणि गुडघ्यावर भार येतो, जातो, गुडघा वाकतो, सरळ होतो, तेव्हा हे वंगण आत-बाहेर खेळते. म्हणून ‘झीज झाली, आता गुडघा वापरू नका’ हा सल्ला चुकीचा आहे.

दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूची. गुडघा सांभाळण्याचे मोठे काम हा स्नायू करतो. गुडघा दुखतो म्हणून आपण कमी चालतो, त्यामुळे स्नायू बारीक होतो, मग गुडघ्यावरचा ताण वाढतो आणि गुडघा आणखी दुखतो. हे चक्र गोळीने तुटत नाही. गोळीने दुखणे कमी झालेल्या वेळात स्नायू कमावला, तरच तुटते. याला वजन कमी करण्याची जोड मिळाली तर उत्तमच. झीज असलेल्या जाड व्यक्तींच्या एका अभ्यासात दिसले, की एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. दिवसभरात आपण किती हजार पावले टाकतो, याचा हिशेब तुम्हीच करा.

सुरुवातीला अगदी साधे व्यायाम पुरतात. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, पाचपर्यंत मोजा आणि सोडा. दुसरा व्यायाम म्हणजे एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलून धरणे. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी: पक्क्या खुर्चीतून, शक्यतो हातांचा आधार न घेता, उठणे आणि सावकाश बसणे. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, जमू लागले की उशी काढा.

“पण डॉक्टर, व्यायाम केला की दुखतं!” बरोबर आहे. सुरुवातीला थोडे वाढू शकते, आणि हे आधी सांगितले नाही तर रुग्ण चौथ्या दिवशी सोडून देतो. एक सोपा नियम लक्षात ठेवा. व्यायामाने वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीइतके खाली आले, तर व्यायामाचे प्रमाण योग्य आहे. नाही आले, सूज वाढली, तर व्यायाम बंद करू नका, प्रमाण कमी करा आणि फिजिओथेरपिस्टला सांगा.

ज्यांचे गुडघा बदलण्याचे ऑपरेशन झाले आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. सर्जन नवा सांधा बसवतो, पण तो वाकवायचा आणि पूर्ण सरळ करायचा हे काम पहिल्या काही आठवड्यांत तुम्हालाच करावे लागते. बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. गुडघा तशाच वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग सरळ करताना जीव मेटाकुटीला येतो.

पक्षाघात : मालिशवाल्याच्या आधी फिजिओथेरपिस्ट

पक्षाघात म्हणजेच लकवा, अर्धांगवायू किंवा पॅरालिसिस. हा आजार हातापायाचा नाही, मेंदूचा आहे. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो किंवा तिथे रक्तस्राव होतो, आणि त्या भागाच्या ताब्यातला हात-पाय लुळा पडतो. म्हणून हातापायाला कितीही तेल चोळले, कोणी सांगितले म्हणून कबुतराचे रक्त लावले, तरी ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मेंदूपर्यंत पोहोचणारी एक गोष्ट आहे: प्रयत्नपूर्वक, पुन्हा पुन्हा केलेली हालचाल. मेंदूचे वाचलेले भाग अशा सरावाने हरवलेले काम काही प्रमाणात शिकून घेतात.

‘पुन्हा पुन्हा’ म्हणजे किती? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पक्षाघाताच्या रुग्णांच्या उपचारांच्या वेळी बाजूला बसून हालचाली मोजल्या गेल्या. हाताच्या उपयोगी हालचाली एका वेळेला सरासरी ३२ भरल्या. फक्त ३२! प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल घडायला अशा शेकडो हालचाली लागल्या होत्या. म्हणजे फिजिओथेरपिस्ट घरी येऊन गेल्यानंतरचे उरलेले तेवीस तास आपण काय करतो, यावर बरेच काही ठरते.

तेवीस तासांत व्यायामच करत बसायचे का? नाही. रोजची कामे हाच व्यायाम. जेवताना वाटी त्या हाताने धरणे, शर्टाचे बटण लावायचा प्रयत्न, टेबलावरचा पेला पुढे-मागे सरकवणे, शेंगदाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकणे. हातात थोडी हालचाल परत आली असेल, पण माणूस सवयीने चांगलाच हात वापरत असेल, तर चांगल्या हातावर मोजा चढवून दुबळ्या हाताला कामाला लावण्याची एक पद्धत आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पक्षाघातानंतर ३ ते ९ महिन्यांनी ही पद्धत दोन आठवडे वापरली गेली. फायदा झाला आणि तो वर्षभरानंतरही टिकला. त्यामुळे ‘तीन महिने झाले, आता काही होणार नाही’ असे कोणी म्हणाले तर निराश होऊ नका. सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते हे खरे, पण दार त्यानंतर बंद होत नाही.

घाई किती करायची, यालाही मर्यादा आहे. २०१५ मध्ये २,१०४ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार आणि खूप वेळ उठवण्याने फायदा न होता उलट परिणाम थोडे वाईट दिसले. म्हणून पहिल्या दिवसाचा निर्णय रुग्णालयातल्या डॉक्टरांवर सोडा. रुग्ण स्थिर झाल्यावर मात्र विचारा, “फिजिओथेरपी कधी सुरू करायची?” हा प्रश्न घरी गेल्यावर पंधरा दिवसांनी विचारू नका.

तीन चुका नेहमी दिसतात, त्या टाळा.

एक, रुग्णाला उठवताना लुळा हात धरून ओढू नका. खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधारावर टिकलेला असतो. तो आधारच गेलेला असताना ओढले की सांधा निसटतो आणि खांदा महिनोन्महिने दुखतो. उठवताना कमरेला किंवा पाठीला धरा, आणि बसलेले असताना हाताखाली उशी ठेवा.

दोन, खिडकीला कप्पी-दोरी बांधून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढायचा ‘व्यायाम’ करू नका. त्यानेही खांद्याला इजा होते.

तीन, मूठ घट्ट आवळली जात असेल तर दिवसभर चेंडू दाबत बसू नका. मूठ मिटता येतेच आहे, अडते ते उघडताना. सराव उघडण्याचा करा.

तोल : पडणे हा म्हातारपणाचा नियम नाही

तुम्ही उभे असता तेव्हा मेंदूकडे तीन ठिकाणांहून बातमी येत असते: डोळे, कानाच्या आतले संतुलनाचे यंत्र, आणि तळपाय व सांध्यांतून येणारी जाणीव. यातली एक बातमी कमी पडली तर इतर दोघी सांभाळून घेतात. दोन कमी पडल्या की माणूस पडतो. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होतात, म्हणजे एक बातमी आधीच गेलेली असते. असा माणूस मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटतो तेव्हा दुसरीही जाते, आणि तो कोलमडतो. ‘तोंड धुताना तोल जातो’ असे कोणी सांगितले तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. तपासणी करा.

पडण्याने जगभरात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसे मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अपघाती मृत्यूंच्या कारणांत पडण्याचा क्रमांक दुसरा आहे, आणि सर्वाधिक धोका साठीच्या पुढच्यांना. आपल्या घरांत हे आकडे वेगळ्या रूपात दिसतात. आजी रात्री लघवीला उठते, पायपुसण्यावरून घसरते, खुब्याचे हाड मोडते, आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी चालत नाही.

हे टाळता येते का? बऱ्याच अंशी येते. २०१९ मध्ये शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. घरी-दारी राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. एखाद्या गोळीने हे केले असते तर तिची रोज जाहिरात आली असती! पण इथे एक अट आहे. हा व्यायाम तोल आणि ताकद यांचा हवा. ‘मी रोज बागेत चार फेऱ्या मारतो’ हे हृदयासाठी आणि मनासाठी उत्तम आहे, पण नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही. तोलाला थोडे आव्हान द्यावे लागते. ६५ वर्षांपुढील सर्वांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे मार्गदर्शन सांगते.

त्यासाठी जिम लागत नाही, स्वयंपाकघराचा ओटा पुरतो. ओट्याला धरून टाचा उचला आणि सावकाश टेकवा. एका पावलाच्या पुढे दुसरे पाऊल, टाचेला अंगठा लावून, दहा सेकंद उभे राहा. जमले की दोन्ही हातांऐवजी एक हात टेका, मग दोन बोटे. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत हे सहज होते. मात्र आधीच पडण्याचा इतिहास असेल, तर पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा.

आपला तोल कसा आहे हे घरी पाहायचे आहे? खुर्चीपासून तीन मीटरवर खूण करा. शेजारी कोणीतरी उभे हवेच. खुर्चीतून उठा, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जा, वळा, परत या आणि बसा. या सगळ्याला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर पडण्याचा धोका आहे असे समजून तपासणीला या.

सगळी चक्कर ‘मानेची’ नसते

एक वेगळा त्रास सांगायलाच हवा. पलंगावर कूस बदलली, माळ्यावरचा डबा काढायला वर पाहिले, की खोली गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते. अशा रुग्णाच्या मानेचा एक्सरे काढला जातो, त्यात मणक्यांची झीज दिसते, आणि गळ्यात पट्टा येतो. पण साठीनंतर बहुतेकांच्या एक्सरेत अशी झीज दिसतेच. अशा चक्करचे कारण पुष्कळदा कानात असते. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात, आणि डोके हलले की मेंदूला खोटी बातमी देतात.

यावरचा उपाय म्हणजे डोके एका ठराविक क्रमाने फिरवून हे कण परत जागेवर नेणे. अमेरिकेतले डॉ. जॉन एप्ली यांनी ही पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. पाच-दहा मिनिटांचे काम, आणि अनेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. तरीही लोक महिनोन्महिने चक्करच्या गोळ्या घेत राहतात. या गोळ्यांनी कण जागेवर जात नाहीत. उलट काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर मेंदूला तोल पुन्हा शिकायला उशीर लागतो, आणि त्यातल्या एखाद्या गोळीने ज्येष्ठांमध्ये कंपवातासारखी लक्षणेही दिसतात. म्हणून विचारा, “माझी चक्कर कानातल्या कणांची आहे का, ते तपासाल का?” मात्र व्हिडिओ बघून स्वतःच मान फिरवू नका. कोणता कान आणि कोणती नळी, हे आधी ठरवावे लागते.

घरच्यांशी थोडे स्पष्ट

आपल्याकडे सेवा म्हणजे सगळे हातात आणून देणे. “बाबा, तुम्ही बसा.” “आई, उठू नको, मी आहे ना.” यामागचे प्रेम मला कळते. पण त्याची किंमत ऐका. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो वजन घटले, आणि ते चरबीचे नव्हते. हे निरोगी माणसांचे. मग आजारी माणसाचे काय होत असेल?

एका घरी मी पक्षाघाताच्या आजोबांना पाहायला गेलो होतो. सूनबाई त्यांना घास भरवत होत्या, अगदी मनापासून. मी चमचा आजोबांच्या हातात द्यायला सांगितले. अर्धा वरणभात सदऱ्यावर सांडला. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. आजोबा मात्र हसत होते! चार महिन्यांनंतर त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने घास घेतला होता. सदरा धुता येतो हो. शेजारी उभे राहा, पडू देऊ नका, पण त्यांच्या वाट्याचे काम त्यांना करू द्या. वेळ लागेल, सांडेल, चिडचिड होईल. यालाच फिजिओथेरपी म्हणतात.

आणि घरातले पायपुसणे उचला, रात्रीचा दिवा चालू ठेवा, कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या. हाही उपचारच आहे.

फिजिओथेरपिस्टला विचारायचे पाच प्रश्न

आधी हे पाहा, की समोरची व्यक्ती फिजिओथेरपीची पदवी घेतलेली आहे ना. बी.पी.टी. हा चार वर्षांहून जास्त काळाचा अभ्यासक्रम आहे, आणि पुढे सांधे, मेंदू-नसा अशा विषयांत पदव्युत्तर शिक्षणही असते. चार दिवसांत मशीन लावायला शिकलेला मदतनीस म्हणजे फिजिओथेरपिस्ट नव्हे. मग विचारा:

१. माझ्या बाबतीत नेमके काय कमी पडते आहे: ताकद, हालचाल की तोल?
२. मी घरी रोज काय करायचे, किती वेळा? एकदा माझ्यासमोर करून दाखवा आणि माझ्याकडून करून घ्या.
३. व्यायाम कधी आणि कसा वाढवायचा?
४. फरक पडतो आहे हे आपण कशावरून मोजणार?
५. माझे इथे येणे कधी संपेल?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चांगला फिजिओथेरपिस्ट तुम्हाला स्वतःवर अवलंबून ठेवत नाही. खर्चाची अडचण असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. रोज दहा दिवस जाण्यापेक्षा आठवड्यातून एकदा जाऊन, व्यायाम तपासून, पुढचा टप्पा शिकून येणे अनेकांना परवडते आणि जास्त उपयोगी पडते.

आधी डॉक्टर, मग फिजिओथेरपी

काही वेळा थेट रुग्णालय गाठायचे असते. तोंड अचानक वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे: पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे एक मिनिटही घालवू नका. चक्करसोबत एकाचे दोन दिसणे किंवा उभेच राहता न येणे. पडल्यानंतर पायावर भार न देता येणे. ताप आणि गरम, सुजलेला सांधा. दोन्ही पायांत अशक्तपणा आणि लघवीवरचा ताबा जाणे. यात व्यायाम नको, शेक नको, आधी तपासणी.

आणि त्या काकू?

त्यांचा फ्रिजवरचा कागद मी मागवून घेतला. त्यावर सहा व्यायाम होते, सगळे योग्य. मी त्यातले तीनच ठेवले आणि चिठ्ठीवर गोळ्यांसारखे लिहून दिले: सकाळी चहानंतर, संध्याकाळी दिवा लावल्यावर. पंधरा दिवसांनी त्याच फिजिओथेरपिस्टकडे पाठवले, शेकासाठी नाही, तर व्यायाम तपासून वाढवण्यासाठी.

तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा गुडघा पूर्ण बरा नव्हता. एक्सरे काढला असता तर तसाच दिसला असता. पण सोसायटीचा जिना त्या कठड्याला एक हात लावून चढत होत्या, आणि दुखण्याची गोळी रोजच्याऐवजी कधीतरी घेत होत्या. पुढे कदाचित ऑपरेशन लागेलही. तेव्हा कमावलेला स्नायू त्यांच्या उपयोगीच पडेल.

जाताना म्हणाल्या, “डॉक्टर, हे तुम्ही तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.”

त्यांचे बरोबर आहे. मी तेव्हा सांगितले नाही, म्हणून आता तुम्हाला सांगतो आहे. तुमच्या घरातही फ्रिजवर, कपाटात, फाईलमध्ये असा एखादा व्यायामाचा कागद असेल. आज तो शोधून काढा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरने चिठ्ठीवर नुसते ‘फिजिओथेरपी, १० दिवस’ लिहिले, तर खुर्चीतून उठू नका. विचारा, “म्हणजे मी नेमकं काय करायचं?”